‘तुफानी तांडेल’चा सातवा दोष

दत्तू,

तू गेल्याची बातमी घेऊन श्रीधर आला तेव्हा मी विहिरीवर अंगभर साबण लावून उभा होतो. डोळ्यांत फेस गेलेला. त्यामुळे मी रडतोय की साबण झोंबतोय, हे तुझ्या धाकट्या भावाला कळेना, आणि खरं सांगायचं तर बराच वेळ मलाही कळेना. तू असतास तर म्हणाला असतास, "बाबल्या, आयुष्यात एकदा तरी वेळेवर रड की मेल्या!"

साप्ताहिकाचे संपादक परवा घरी आले. म्हणाले, तुम्ही त्यांचे बालमित्र, चार शब्द लिहा. जन्म कुठला, शिक्षण कुठं, ड्रॉइंग मास्तर म्हणून सेवा किती वर्षं. मी म्हटलं, ते सगळं शाळेच्या दप्तरात आहे, हेडमास्तर सुरेख अक्षरात उतरवून देतील. मी कचेरीत दिवसभर नकलाच करतो. माझ्या मित्राची नक्कल मला काढायची नाही. मला तुझ्याशी एका भांडणाबद्दल बोलायचं आहे. तुझ्यामाझ्यात इतकी वर्षं चाललेलं एकच भांडण, आणि ते मी जिंकत होतो असा माझा परवा-परवापर्यंत समज होता.

भांडण तुझ्या सिनेमाचं.

आठवतं ना, सिनेमाच्या तंबूत पहिल्यांदा बोलपट आला होता ते साल? मूळ बोलपटात नायिका इतकी गात होती की मी दोनदा डुलकी काढली. तुला मात्र त्याच्या आधी दाखवलेला तो विलायती तुकडा लागला. पाच मिनिटं नुसती काढलेली चित्रं धावत होती, पडत होती, पुन्हा उठत होती. घरी परतताना तू रस्त्यात थांबलास नि माझा दंड धरलास. "बाबल्या, पंधरा वर्षं मी पोरांना केटली काढायला शिकवतोय. एक केटली कधी हलली नाही. आणि हे लोक बघ!"

मी म्हटलं, "केटली हलली तर चहा सांडेल."

तू हसला नाहीस. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की माझा पुढचा उन्हाळा गेला.

घरी पोचलो तेव्हा काकू, तुझी आई, नेहमीसारखी कंदील घेऊन बेड्याशी, कुंपणाच्या फाटकाशी, उभी होती. चाळिशीला टेकलेले आपण दोघे, आणि ती अशी उभी, जणू आपण शाळेतून उशिरा येणारी पोरं. "तंबूत काय सोनं वाटत होते काय रे?" म्हणाली, आणि मलाही पेज घेतल्याशिवाय सोडलं नाही. त्याच पावसाळ्यात ती गेली. पुढच्या उन्हाळ्यात तू सिनेमा काढायला घेतलास. या दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या हे मला ठाऊक होतं. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे मात्र या टीकाकाराच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

नायक कोण असावा यावर आपण तीन संध्याकाळ घालवल्या. मी पौराणिक हवा म्हणालो. तू म्हणालास, "गदा नको, मुकुट नको. आपल्या बंदरातला गडी हवा." मग तू मांडवीच्या धक्क्यावर जाऊन बसू लागलास. बोट लांब समुद्रात उभी राहते, उतारूंना आणायला पडाव जातात, त्या पडावांवरचे खलाशी जमिनीवर आले की कसे पाय फाकून चालतात ते तू आठ दिवस बघितलंस. नवव्या दिवशी तू तसाच चालत शाळेत गेलास, आणि हेडमास्तरांनी प्रकृतीची चौकशी केली.

त्यातून ‘तुफानी तांडेल’ जन्मला. होडीवरचा मुख्य गडी. डोक्यावर तांबडी टोपी, ओठावर मिशा. कमरेचा रुमाल आवळला की डोलकाठीएवढा वाढायचा. वादळात सापडलेला पडाव बगलेत मारून किनाऱ्याला आणायचा. एका फुंकरीत ढग पांगवायचा. तीन मिनिटांचा सिनेमा आणि त्याला चौदाशेच्या वर कागद!

कॅमेरा आपल्याला जाधवांनी दिला. ते हवापालटाला रत्नागिरीत आले होते. त्यांची सिनेमा कंपनी बंद पडली तेव्हा हा हँडल फिरवायचा जुना कॅमेरा तेवढा त्यांच्याकडे राहिला होता. बांगड्याचं कालवण खाऊन माणूस दोन महिन्यांत असा सुधारला की एका बैठकीला शंभर-शंभर चित्रं टिपायला लागला. तू माजघराच्या खिडकीची काच काढून दोन पेट्यांवर आडवी ठेवलीस, खाली आरसा लावून ऊन वर फेकलंस, आणि त्या काचेवर एकावर एक कागद ठेवून गिरवायला सुरुवात झाली. तू आकार काढायचास, श्रीधर समुद्र रंगवायचा, मी शाई फिरवायचो. पहिल्याच दिवशी मी नायकाला तिरळा केला. तेव्हापासून डोळ्यांना हात लावायचा नाही असं ठरलं, आणि माझ्याकडे फक्त मिशा आल्या.

त्या मिशांबद्दल मी नंतर काय लिहिलं ते पुढं येईलच.

आता तो दिवस. हा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

सुट्टी संपत आलेली. तंबू आठवड्याभरात गुंडाळणार होता. शेवटच्या वादळाच्या प्रसंगाचे साठेक कागद तयार झाले होते. शाई ओली म्हणून तू ते पडवीत ओळीनं मांडलेस आणि जाधवांकडे गेलास. जाताना सांगितलंस, "वारा सुटेल. कागदांवर वजन ठेव. चिरा ठेवू नकोस, लाल माती लागते."

"मला काय खुळा समजतोस?" मी म्हटलं.

दुपारी समुद्रावरून वारा आला. चिरा नको, मग काय ठेवायचं? खळ्यात त्याच सकाळी उतरवलेल्या हापूसच्या कैऱ्या होत्या. भरीव, जड, एकसारख्या. मी एकेक कैरी एकेका कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवायला लागलो. तिथं चित्र फारसं नव्हतं, नुसत्या काही बारीक रेघोट्या होत्या. पण देठामुळे कैरी नीट बसेना, कलंडायची. म्हणून, दत्तू, रत्नागिरीत जन्मलेल्या, रत्नागिरीत वाढलेल्या, आंब्याच्या झाडाखाली मुंज झालेल्या या माणसानं साठच्या साठ कैऱ्यांचे देठ मोडले.

आपल्याकडचं रांगतं पोरसुद्धा सांगेल की देठ मोडला की चीक उडतो. ओठाला लागला तर ओठ सोलून निघतो. मी मात्र साठ कैऱ्या कागदावर देठाकडून पालथ्या घातल्या आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपाळ्यावर पडलो.

उठून बघतो तर प्रत्येक कोपऱ्यात डाग. आधी तेलकट दिसत होते. मी घाबरून खोडरबर घेतला. घासलं तसा कागद फुगला, शाई त्यात ओढली गेली, आणि डाग दोन्ही बाजूंना पसरले. ऊन उतरेपर्यंत ते भाजल्यासारखे काळे पडले. साठ कागद, साठ डाग, एकही दुसऱ्यासारखा नाही आणि एकही दुसऱ्याच्या जागी नाही. मी सगळे गोळा केले, पालथे करून गठ्ठा बांधला आणि कैऱ्या पुन्हा खळ्यात नेऊन टाकल्या. तू आलास तेव्हा मी झोपाळ्यावर बसून शीळ घालत होतो. मला शीळ येत नाही, हे तुला ठाऊक होतं.

तू गठ्ठा उचललास, वास घेतल्यासारखं केलंस आणि आत गेलास. मला वाटलं, शाईचा वास घेतोयस.

आणि मग तो खेळ. तंबू गच्च भरलेला. मांडवीचे खलाशी पुढे चटईवर, वकील मंडळी मागे खुर्च्यांवर, बायका कनातीच्या पलीकडे. श्रीधर पेटीवर, आणि पडद्याच्या बाजूला पत्र्याची एक मोठी शीट धरून मी. माझ्याकडे गडगडाट होता. वीज चमकली की शीट हलवायची. मी चित्रात इतका गुंतलो की वीज चमकून, पाऊस पडून, आभाळ निवळल्यावर गडगडाट केला. मागून कोणीतरी ओरडलं, "वीज गणपतीपुळ्यात पडली वाटतं!"

खलाशांनी तर तुला सोडलंच नाही. तुझ्या पडावाचं शीड फुगलं तशी पुढच्या ओळीतून एक म्हातारा तांडेल उठला. "आवं मास्तर, वारा दक्षिणंचा नि शीड भलत्याच अंगाला फुगलंय! आसं केलंत तर आमी दोन रोजात तळाला जाऊ!" सगळा तंबू हसला. तू कनातीशी उभा होतास. तूही हसलास, आणि तिथल्या तिथं हातावर पेन्सिलीनं काहीतरी टिपून घेतलंस.

मग शेवटच्या वादळाचा प्रसंग आला. तांडेल छातीएवढ्या पाण्यात, समोर डोळे वटारलेलं वादळ. आणि तो थांबतो. मान वळवून वर, उजव्या कोपऱ्याकडे बघतो. तिथं एक काळं काहीतरी फडफडतंय. इकडून तिकडे उड्या मारतंय, लहान होतंय, मोठं होतंय.

मी शीट दोन्ही हातांनी आवळून धरली, वाजू नये म्हणून.

"कावला!" पुढचं एक पोर ओरडलं. "कावला हाय त्याच्यासंगती!"

तंबूभर तेच झालं. कावळा, कावळा! तांडेलानं पुन्हा वर बघितलं, कावळा फडफडला, तांडेलानं कमरेचा रुमाल आवळला, आणि शिट्ट्यांनी कनाती हलल्या. सात-आठ सेकंदांचा खेळ. लोकांनी पुन्हा लावा म्हणून गिल्ला केला. जाधवांना तो तुकडा तीनदा दाखवावा लागला.

बाहेर पडताना तू मला विचारलंस, "बाबल्या, हा कावळा कुठून आला रे?"

मी म्हटलं, "जाधवांच्या कॅमेऱ्याच्या काचेवर माशी बसली असेल." बिचाऱ्या जाधवांनी दुसऱ्या दिवशी दिवसभर काच पुसली.

इथं एखाद्या शहाण्या माणसानं गप्प बसायचं ठरवलं असतं. मी परीक्षण लिहिलं. ‘एक प्रेक्षक’ या नावानं, साप्ताहिकात, दीड रकाना. गावात माझं बारसं जेवलेले लोक जेवढे, तेवढ्यांना ‘एक प्रेक्षक’ कोण हे ठाऊक होतं. गुण पाच मोजले. लाटांना वजन आहे. नायकाची चाल खरी आहे. पडाव बगलेत उचलला जातो तेव्हा आतली एक म्हातारी आधी पदर सावरते आणि मग घाबरते, ही जागा अप्रतिम. वादळ जिंकून किनाऱ्याला लागल्यावर नायक पराक्रमाची भाषा न करता पेज मागतो, हेही उत्तम. आणि पाचवा गुण कावळा. ‘सूक्ष्म कल्पकतेचा नमुना’ असं मी लिहिलं. हे लिहिताना मी एक शब्दही खोडला नाही, हे आज नमूद करून ठेवतो.

दोष सात मोजले. शीड उलटं. वादळ कशासाठी आलं याचा खुलासा नाही. नायकाची उंची एका कागदावर डोलकाठीएवढी, दुसऱ्यावर माडाएवढी. ढग कापसासारखे. शेवट घाईचा. नायकाच्या मिशा क्षणाक्षणाला कमीजास्त होतात, आणि ही ‘संबंधित कारागिराची अक्षम्य बेफिकिरी’ आहे. आणि सातवा दोष मी सगळ्यात ठासून लिहिला. एवढी अचाट ताकद, पण या माणसाला भीती नाही, कारण त्याला कोणाची ओढच नाही. किनाऱ्यावर त्याची वाट बघणारं कोणी नाही. मग तो जिंकला काय आणि बुडाला काय, आपल्याला दोन्ही सारखंच.

तू ते हॉटेलात बसून वाचलंस. चहा निवला. मग कागदाची घडी घातलीस आणि म्हणालास, "पाच गुण आणि सात दोष. सात नाहीत रे. सहाच. एक तुझा आहे."

मला वाटलं, मिशा! मी लाजलो, कबूल केलं, चहा पाजला. तू हसत माझ्याकडे बघत राहिलास. "मिशा होय," म्हणालास. "होय, होय. मिशाच."

त्यानंतर तू दुसरा सिनेमा केला नाहीस. जाधव परत गेले, कॅमेरा त्यांच्याबरोबर गेला, हे कारण सगळ्यांना पुरलं. मला पुरलं नाही. मी अधूनमधून तोच विषय काढायचो. समजूत घालायला म्हणून सुरुवात करायचो आणि भलतीकडेच पोचायचो. "दत्तू, तुझा सिनेमा चांगला होता, पण..." या ‘पण’च्या पुढं माझी गाडी कधी थांबली नाही. नाटकाहून येताना, देवळाच्या पायरीवर, एकदा तर तुझ्या मुलीच्या लग्नात, पंगतीत. तू जिलबी मोडत म्हणालास, "त्याला ओढ आहे रे. तुला दिसली नाही."

"दाखवलीच नाहीस तर दिसेल कशी?"

"दाखवली होती."

"कुठं?"

"जेव," म्हणालास.

आणि दर चैत्रात तुझ्याकडून कैऱ्यांची टोपली यायची. प्रत्येक कैरीला बोटभर देठ, सगळ्या ड्रॉइंगच्या जाड कागदात गुंडाळलेल्या, वर तुझ्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: ‘देठ मोडू नये.’ एकदा नाही, दरवर्षी! मी बायकोला म्हणायचो, "बघ, रत्नागिरीच्या माणसाला देठाची अक्कल शिकवतोय!" ती माझ्याकडे बघायची. दत्तू, मला आता वाटतं, तिलाही कळलं होतं. गावात न कळलेला मी एकटाच.

काल तुझा दहावा दिवस.

समुद्रावर गेलो. श्रीधर, भटजी, शाळेतले दोन मास्तर आणि मी. श्रीधरनं पिंड ठेवला आणि आम्ही मागं सरलो. उंडीच्या झाडावर एक कावळा येऊन बसला. चांगला गलेलठ्ठ. चोच फांदीला घासली, एका डोळ्यानं पिंड बघितला, दुसऱ्या डोळ्यानं बघितला, आणि तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसला.

"काही इच्छा राहिली असेल," भटजी म्हणाले. "बोला."

श्रीधर हात जोडून पुढं झाला. "दादा, वहिनीची काळजी करू नकोस. मी आहे." कावळा ढिम्म. "तुझे रंग, कागद, सगळं नीट ठेवीन." कावळ्यानं पंख खाजवला. मास्तरांपैकी एकानं शाळेत तुझी चित्रं लावायचं कबूल केलं. दुसऱ्यानं तुझा वर्ग सांभाळायचं. कावळा फांदीवर दोन पावलं लांबच गेला.

ऊन चढलं. वाळू पोळायला लागली. भटजींनी घसा खाकरला. "आता दर्भाचा कावळा करू आणि शिवू. शास्त्रात सोय आहे."

दर्भाचा! ज्याच्या सिनेमात एक कावळा आधीच फसवणुकीचा होता, त्याला जाताजाता आणखी एक खोटा कावळा! भटजींनी दर्भाच्या काड्या मोडायला घेतल्या.

"थांबा," मी म्हटलं.

पुढं झालो. एवढ्या लोकांत मोठ्यानं बोलायची सवय नाही, आवाज चिरका आला. "दत्तू, तो कावळा नव्हता. मी कैऱ्या ठेवल्या होत्या. देठ मोडून. चिकाचे डाग ते. जाधवांची काच स्वच्छ होती. मी खोटं बोललो आणि वर परीक्षणात गुण म्हणून छापलं."

भटजींच्या हातातला दर्भ तसाच राहिला. "हे कसलं वचन?"

झाडावरचा कावळा जागचा हलला नाही. आणि मागून आवाज आला, तो हसण्याचा. दहाव्याला, पिंडासमोर, श्रीधर तोंडावर उपरणं धरून हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बाबूदादा," म्हणाला, "ते त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गठ्ठ्याला चिकाचा वास येत होता! तुम्ही झोपाळ्यावर बसून तोंडानं हवा काढत होता."

"मग बोलला का नाही?"

श्रीधर हसायचा थांबला. "त्या कोपऱ्यात काय होतं, बघितलं होतंत?"

"काहीतरी रेघोट्या होत्या."

"डोंगर होता. डोंगरावर घर होतं. आणि बेड्याशी कंदील घेऊन आई उभी होती. तांडेल मान वळवून तिच्याकडे बघतो. सबंध सिनेमा त्या एका बघण्यासाठी होता."

दत्तू, मी खाली वाळूत बसलो.

श्रीधर शेजारी बसला. "दादाला पुन्हा काढायला सवड नव्हती, तंबू उठत होता. मी म्हटलं, बाबूदादांना सांगूया. तर मला शपथ घातली. म्हणाला, बाबल्या कोसळेल, आणि कोसळला की महिनाभर आपल्यालाच उचलून धरावं लागेल. मग खेळाच्या दिवशी लोकांनी शिट्ट्या मारल्या तेव्हा म्हणाला, राहू दे. आई रोज जेवायच्या आधी कावळ्याला घास घालायची. तिच्या जागी तो बसला तर ती काही म्हणणार नाही."

म्हणजे ‘किनाऱ्यावर वाट बघणारं कोणी नाही’ असं ठासून लिहिणाऱ्यानं स्वतःच तिच्या अंगावर हापूस ठेवला होता. तिच्या हातची पेज खाल्लेल्या माणसानं! आणि मग इतकी वर्षं पंगतीत, पायरीवर, रस्त्यात, तिच्या मुलाला विचारत राहिला, कुठं दाखवलीस ओढ?

मी उठलो. बोलायला तोंड उघडलं आणि माझं मलाच कळलं, तू कशाची वाट बघतोयस. माफीची नव्हे. ती तू कैऱ्यांबरोबर दरवर्षी परत पाठवत होतास. एवढ्या वर्षांत एक वाक्य मी कधी पुरं केलं नव्हतं.

"दत्तू," मी म्हटलं, "तुझा सिनेमा चांगला होता."

सवयीनं पुढचा शब्द घशाशी आला. आवंढ्याबरोबर गिळला. अख्खा, काट्यासकट. भटजी माझ्याकडे बघत होते, मास्तर बघत होते, श्रीधर बघत होता, आणि मी ओठ आवळून उभा.

कावळा खाली उतरला. चालत आला. पाय फाकून, डुलत, शप्पथ सांगतो, अगदी तुझ्या तांडेलासारखा. पिंडाला चोच मारली, एक शीत उचललं आणि उडून गेला.

तू म्हणशील, त्याला भूक लागली असेल. म्हण. मी या वेळी वाद घालणार नाही.

संध्याकाळी वहिनींना भेटायला गेलो. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी आतून एक कागद आणून दिला. "हा तुमचा, भावोजी. त्यांनी वेगळा काढून ठेवला होता." साठांतला एक. वरच्या उजव्या कोपऱ्यात तो डाग, पंख पसरलेला, इतक्या वर्षांत आणखी काळा झालेला. मी घरी आणला आणि पश्चिमेच्या खिडकीच्या काचेवर धरला, आपण उन्हाळाभर धरायचो तसा. मागून मावळतीचं ऊन आलं. डाग तांबूस झाला, आणि त्याच्या पोटात बारीक रेघा उमटल्या. डोंगर, घर, बेडं. हाताच्या नखाएवढी काकू. कंदील तिनं जरा उंच धरलाय. आपल्याला उशीर झालाय म्हणून.

निघताना वहिनींनी विचारलं होतं, "यंदा कैऱ्या पाठवू ना?" झाडांवर आताच सुपारीएवढ्या धरल्या आहेत.

"पाठवा," मी म्हटलं. "चिठ्ठीसकट."

दत्तू, सातवा दोष मागे घेतला आहे. संपादकांना तसं छापायला सांगितलंय, ‘एक प्रेक्षक’ या नावानं नव्हे, माझ्या नावानं. मिशांचा दोष राहू दे, तो माझाच आहे. शिडाचा तुझा, तो तू वर कोणी तांडेल भेटला तर नीट समजून घे.

तुझा सिनेमा चांगला होता.

इथं थांबतो. पुढचा शब्द लेखणीच्या टोकाशी आला आहे, पण तो मी लिहिणार नाही. बघ, याच ओळीत आलाच मेला. हा शेवटचा.